कोपराखाली चार बोटं

४ जानेवारी, रविवार

सोमनाथ आज आला. म्हणजे मी काल पुन्हा बजाजनगरला त्याच्या दुकानात जाऊन बसले, म्हणून आला. गेल्या वर्षी स्वयंपाकघराची कपाटं दादानं त्याच्याकडूनच करून घेतली होती. जुना ओटा फोडून झाला, दोन भिंतींना काटकोनात कपाटं लागली, वर टाकायच्या दोन फळ्या आल्या आणि त्या बसवायच्या आत दादा गेला. तेव्हापासून कपाटांवर जुनं प्लायवूड टाकून मी गॅस ठेवलाय. फळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या सोफ्यामागं उभ्या आहेत.

सोमनाथनं प्लास्टिक थोडं फाडून पाहिलं. म्हणाला, "ताई, पट्टी मारून देतो. अॅल्युमिनियमची. दोन फळ्या टेकवायच्या, मधी पट्टी. अर्ध्या दिवसाचं काम."

"दादाला पट्टी नको होती."

"का बरं?"

"पट्टीत कणीक अडकते."

तो हसला. "आता एवढी कणीक कोण मळतंय, ताई?" बोलून गेल्यावर त्यालाच कसंतरी झालं. त्यानं पाणी मागितलं.

मग नीट बोलला. फळीची पुढची कड गोल आहे, त्यामुळं कोपऱ्यात दोन फळ्या नुसत्या एकमेकींना टेकवल्या तर तिथं फट राहते. पट्टी नको असेल तर गोल कडेजवळ तिरका छेद देऊन एक फळी दुसरीत बसवावी लागते. त्याला मोठं राउटर मशीन लागतं. त्याच्याकडं छोटा ट्रिमर आहे. "ह्यानं कडा गोल होतात, बिजागरीची खाच पडते. अडतीस मिलिमीटरच्या फळीत ह्याचा कापायचा दाता निम्म्यातच संपतो." कुणाकडं मशीन आहे का बघतो म्हणाला. सोमनाथचं बघतो म्हणजे नाही.

जाताना वाकून कपाटांखालचे काळे प्लास्टिकचे पाय पाहिले. एक सैल होता, तो फिरवून त्यानं पातळी सारखी केली. "सरांनी उंची लई ठेवली. पाय पार बाहेर काढलेत."

"दादाची उंची तेवढी होती," मी म्हटलं.

७ जानेवारी

पुण्याहून धाकट्या भावाचा, देवेशचा फोन. दादाचं वर्षश्राद्ध माघ वद्य पंचमीला येतं, म्हणजे सहा फेब्रुवारी. देवेश म्हणतो पैठणला करू. घाटावर गुरुजी सगळं करतात, जेवणाचीही सोय असते. मी म्हटलं, घरी करावं असं वाटतं. तो म्हणाला, "ताई, घरात ओटासुद्धा नाही. प्लायवूडवर श्राद्धाचा स्वयंपाक करणार का?" मग म्हणाला, "तोवर ओटा झाला तर घरी. नाहीतर पैठण. आणि फ्लॅटचंही तेव्हाच बघून टाकू. तू एकटीनं तिथं काय करणार? मनस्विनीनं तुझी खोली लावून ठेवली आहे."

तो चांगल्या मनानंच म्हणतो. त्याची बायको मनस्विनीही चांगली आहे. मी बघते म्हटलं. म्हणजे मीही सोमनाथसारखीच.

उजवा खांदा धरलाय. थंडी असेल.

१० जानेवारी, शनिवार

आज कॉलेजातली प्रयोगशाळा अर्धा दिवस होती. तिथून शहागंजला गेले. अवजारांचं दुकान दादाच्या बोलण्यात असायचं, पण आत मी पहिल्यांदा गेले. मालक मुजीबभाई. मी राउटर म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्याकडं आणि मग माझ्यामागं पाहिलं, बरोबर कोणी आहे का म्हणून.

दादानं फक्त एकच गोष्ट आणून ठेवली होती, छेदाचा साचा. जाड, हाताएवढा लांब. त्याच्या कडेला लागून मशीन चालवायचं. साचा कापडात गुंडाळून मी बरोबर नेला होता. तो पाहिल्यावर मुजीबभाई ओळखल्यासारखे थांबले. "ये तो मेरे इधरसेच गया. वो लंबेसे साब थे, चश्मेवाले. घंटा घंटा मशीनां देखते, फिर बोलते, अगले हफ्ते."

"माझे भाऊ. गेले ते."

त्यांनी बसायला स्टूल पुढं केलं. मग चहा मागवला. मी चहा घेत नाही, पण घेतला.

दादा कोणतं मशीन बघायचा ते मी विचारलं. त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरचं मोठं काढलं. "ताकदवाला है. मगर आपा, ये आपके हाथ का नै है. भारी है."

मी तेच घेतलं. रिक्षात मांडीवर ठेवून आणलं. दादा दोन वर्षं ठरवत होता, मी एका दुपारी आणलं. घरी येऊन टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडं बघत बसले. दाखवायला कोणी नव्हतं.

१४ जानेवारी

संक्रांत. वर्ष व्हायचंय म्हणून मी सण केला नाही. खालच्या मनकर्णाबाई तिळगूळ घेऊन आल्याच. "तू नको करू. म्या केलाय. खायला कुठं बंदी हाय?" त्यांचं घर मूळचं पैठणकडचं, शेती मुलगा बघतो. नवरा गेल्यावर त्या इथं नातीच्या शाळेसाठी येऊन राहिल्या. दादाशी, म्हणजे त्यांच्या वैजनाथभाऊंशी, त्यांचं भाज्यांवरून रोज भांडण व्हायचं.

मशीन पाहून म्हणाल्या, "ही काय गं, पाण्याची मोटार?"

"ओट्याच्या फळ्या कापायचं मशीन."

"कोण कापणार?"

"मीच."

त्यांनी मशीन दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि लगेच ठेवलं. "आई गं. हिला उचलायलाच दोन गडी लागतील. वैजनाथभाऊंना घ्यायचं होतं ना हे?"

हो म्हटलं.

मी पोळ्या लाटत होते, म्हणून त्या तिथंच गप्पा मारत उभ्या राहिल्या. पाटावर उभं राहून का लाटते म्हणून विचारलं. सवय झाली आहे. दादा म्हणायचा, ओटा कोपराखाली चार बोटं असावा, म्हणजे लाटताना जोर नीट लागतो. त्यानं मोजून भिंतीवर पेन्सिलनं खूण केली होती, ती अजून आहे. कोपर अर्थात त्याचं. या घरात स्वयंपाक तोच करायचा. मी कॉलेजातून यायचे तेव्हा गॅसवर काहीतरी झाकलेलं असायचं. झाकण काढून बघायचं एवढंच माझं काम.

माझ्या पोळ्या अजून गोल होत नाहीत. मनकर्णाबाईंनी एक हातात घेतली, इकडून तिकडून पाहिली आणि म्हणाल्या, "नकाशा हाय."

१८ जानेवारी, रविवार

वाईट दिवस.

फळ्यांबरोबर आलेला हातभर उरलेला तुकडा होता. बाल्कनीत दोन स्टुलांवर तो शिकंज्यांनी घट्ट धरला, त्यावर साचा बसवला, कानात कापूस घातला, चष्मा लावला. मशीन सुरू केलं तेव्हा ते हातातून एका बाजूला ओढलं गेलं. सुरू होतानाच एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. तरी धरून ठेवलं.

खरी अडचण पुढं. कापताना एका वेळी आठ मिलिमीटरच खाली जायचं, मग परत वर, मग पुन्हा आठ. प्रत्येक वेळी एक खटका दाबून मशीन खाली सोडावं लागतं. खटका डाव्या मुठीच्या पलीकडं आहे. दादाचा अंगठा सहज पोचला असता. माझा पोचत नाही. मला मूठच सोडावी लागते. मूठ सोडली की मशीन हलतं. दुसऱ्याच फेरीत ते साच्याला सोडून आत घुसलं. तुकडा गेला. साच्याला ओरखडा पडला.

शिवाय गोल कडेचा वरचा थर टवका होऊन उडाला. संध्याकाळी बसून विचार केला तेव्हा कारण कळलं. दाता गोल कडेतून बाहेर पडत होता आणि जाताना थर उचलत होता. तो गोल कडेतून आत शिरला पाहिजे. त्यासाठी एक फळी सुलटी ठेवून कापायची आणि दुसरी पालथी.

पण हे कळून काय उपयोग. खऱ्या फळ्या दोनच आहेत. हा रंग आता येत नाही, मी चौकशी केली. सागाच्या उभ्या रेषा, मध्ये कुठंकुठं काळपट गाठ. दादानं दुकानात नमुने पसरून माझ्याकडून निवडून घेतला होता. मी म्हटलं होतं, कोणताही घे.

एक फळी चुकली की पैठण.

२० जानेवारी

खांद्यासाठी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी विचारलं, हात सारखा वर धरून करायचं काही काम असतं का? मी नाही म्हटलं. प्रयोगशाळेत तर आता मी फक्त साहित्य देते-घेते. उशी बदला म्हणाले. व्यायाम दिले.

२४ जानेवारी, शनिवार

मशीन परत घेऊन शहागंजला गेले. वापरलेलं परत घेणार नाहीत अशी तयारी ठेवली होती. मुजीबभाई म्हणाले, "मैं बोला था ना, आपा." पण घेतलं. बदल्यात दुसरं घ्या म्हणाले.

मी सांगितलं, मला हाताळून बघायचं आहे. त्यांनी काउंटरवर तीन मशीनं ठेवली. विजेशिवाय एकेक धरलं, दाबून खाली नेलं, वर आणलं. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, ती बघत होती. एक म्हणाला, "मॅडम, कलर कोणता पाहिजे?" दुसरा हसला. मी पुढचं मशीन उचललं. पूर्वी अशा वेळी दादा बोलायचा.

पहिलं हलकं होतं, पण त्यात बारीक दांड्याचाच दाता बसतो. एवढ्या जाड फळीत तो थरथरेल. दुसऱ्याचा खटका पुन्हा लांब. तिसरं मधलं. ताकद मोठ्यापेक्षा कमी, पण खटका डाव्या अंगठ्याखालीच. मूठ न सोडता दाबता येतो. सुरू होताना हळूहळू वेग घेतं, हिसका देत नाही. दुकानात जोडून दाखवलं तेव्हा ते माझ्या हातात राहिलं. एवढंच मला बघायचं होतं.

निघता निघता पर्समधून व्हर्नियर काढून दात्याचा दांडा मोजला. साच्याला हवा तो अर्ध्या इंचाचा, म्हणजे बारा पूर्णांक सात मिलिमीटर. दांडा जिथं बसतो ते मशीनचं तोंड बाराचं. जाणारच नाही. मुजीबभाई म्हणाले, "अरे, व्हय की." मग आतून अर्ध्या इंचाचं तोंड शोधून बसवून दिलं. "साब भी ऐसेच थे. नापते, नापते..." म्हणाले आणि बिल करायला घेतलं.

हे दादानं घेतलं नसतं. त्याला हे लहान वाटलं असतं. रिक्षात मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

२६ जानेवारी

आज नळाला पाणी येण्याचा दिवस, त्यामुळं आधी टाक्या भरल्या. शाळेतून झेंडावंदनाची गाणी ऐकू येत होती. सुटी असल्यानं आवाजाची तक्रार कोणी करणार नाही असं वाटलं.

फळी बाल्कनीत आणायला मनकर्णाबाईंना बोलावलं. दोन शिकंजे लावूनही मागचं टोक उचललं जात होतं. मी विटा शोधत होते. त्या म्हणाल्या, "इटा कशाला? मी हाय ना." आणि पदर खोचून फळीच्या टोकावर बसल्या. "चालव. एवढी चरबी कवा कामाला यायची."

"हलू नका."

"म्या नाय हलत. तू थरथरू नको."

पहिली फळी सुलटी. साचा बसवला, गोल कड कुठं आहे ते पाहिलं, दाता तिथून आत घातला. आठ मिलिमीटर. बंद. फुंकर. पुन्हा आठ. शेवटची फेरी साच्याला घट्ट लावून एका दमात. सगळीकडं भुसा. मनकर्णाबाईंचे केस पिवळे झाले होते. त्या पूर्ण वेळ डोळे मिटून काहीतरी पुटपुटत बसल्या होत्या. थांबल्यावर म्हणाल्या, "झाली का आरती?"

दुसरी फळीही मी सुलटीच ठेवली होती. मशीन सुरू करण्याआधी गोल कड बघायची सवय लावून घेतली होती, म्हणून लक्षात आलं. पालथी केली. पाच मिनिटं खाली बसले. मनकर्णाबाईंनी पाणी दिलं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसल्या.

दोन्ही झाल्या. जमिनीवर ठेवून एकमेकींत सरकवल्या. दादा कारखान्याच्या टूलरूममध्ये होता तेव्हा सांगायचा, सांधा डोळ्यानं बघायचा नसतो, नखानं बघायचा. मी नख फिरवलं. अडकलं नाही.

मनकर्णाबाई गेल्यावर पुन्हा फिरवलं. मग भुसा झाडला. झाडायला बराच वेळ लागला.

१ फेब्रुवारी, रविवार

सोमनाथ फळ्या बसवून गेला. खालून बोल्ट आवळले, भिंतीकडं सिलिकॉन भरलं, कपाटांचे पाय झाकायला पुढं आडवी फळी लावली. सांध्यावर बोट ठेवून म्हणाला, "कुणाकडून कापून घेतलं?"

"घरीच कापलं."

"घरी कोण हाय?"

मी म्हटलं, "मीच."

त्याला पटलं की नाही माहीत नाही. "मशीन इकायचं असंल तर सांगा," म्हणाला.

देवेशला फोन करून ओटा झाला म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बरं, मग घरीच करू.

६ फेब्रुवारी

श्राद्ध झालं. देवेश आणि मनस्विनी कालच आले. गुरुजी वेळेवर आले. सगळा स्वयंपाक नव्या ओट्यावर झाला. वडे, खीर, आमसुलाची चटणी, दादाला आवडायची ती गवारीची भाजी.

पाट एकच आहे, त्यामुळं मनस्विनी आणि मी आलटून पालटून उभ्या राहत होतो. ती म्हणाली, "ताई, हा ओटा आहे की बँकेचं काउंटर? पैसे भरायला आल्यासारखं वाटतंय." मी हसले. या वर्षात घरात असं हसणं झालं नव्हतं. मग तिनं सहज विचारलं, "तुमचा खांदा यानंच दुखत असेल ना?"

मी म्हटलं, नाही, उशीनं.

जेवणाआधी केळी चिरायची राहिली होती. मी आत गुरुजींना काय हवं ते बघायला गेले होते. परत आले तर देवेश सोवळं नेसून ओट्याशी पाठमोरा उभा होता आणि केळी चिरत होता. तोही दादासारखाच उंच. त्याला पाट लागला नव्हता. पाठ ताठ, कोपर दुमडलेलं, हात फळीच्या वर बरोबर चार बोटं. मी दारातच थांबले. त्यानं मागं वळून पाहिलं आणि म्हणाला, "काय गं?"

"काही नाही," म्हटलं.

दुपारी त्यानं ओट्यावरून हात फिरवला. "खरंच सुंदर झालंय, ताई. दादानंसुद्धा असं केलं नसतं." आणि मग म्हणाला, "एजंट म्हणतच होता, किचन तयार असेल तर गिऱ्हाईक लगेच मिळतं. पुढच्या आठवड्यात पाठवतो त्याला."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. ओटा झाला की मी इथं राहीन असं मला वाटत होतं. तसं कोणीच म्हटलं नव्हतं. देवेशनं फक्त श्राद्ध घरी म्हटलं होतं.

मी खिरीचं पातेलं घासायला घेतलं.

७ फेब्रुवारी

ते सकाळी गेले. जाताना मनस्विनीनं मिठी मारली. मला सवय नाही.

सकाळी लाटायला पाटावर चढले आणि उतरले. पुन्हा चढले नाही. ब्रेड खाल्ला.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी भिंतीशी उभी राहिले. कोपर दुमडलं, त्याखाली चार बोटं धरली आणि पेन्सिलनं रेघ ओढली. दादाची खूण तिच्या बरीच वर आहे. ती पुसली नाही. दोन्ही खुणा आहेत.

कपाटांखालची आडवी फळी काढली. भिंतीकडचं सिलिकॉन ब्लेडनं कापलं. मग जमिनीवर आडवी झाले, टॉर्च दातात धरली आणि पाय फिरवायला घेतले. एकच पाय एकदम आत नेला तर ओटा तिथं झुकेल आणि सांधा उघडेल. म्हणून प्रत्येकाला थोडेच फेरे, मग पुढचा. मागचे पाय हाताला लागत नव्हते, तिथं पोटावर सरकत जावं लागलं. आत दादाची एक पेन्सिल सापडली, आणि गेल्या वर्षीचा लसूण.

मध्येच मनकर्णाबाई आल्या. त्यांना माझे फक्त पाय दिसले. "अगं बाई, पडलीस का काय!"

"नाही. ओटा खाली घेते."

"आन् मशीन घेऊन एवढा खटाटोप केला तो वर ठेवायलाच ना?"

मी आतूनच म्हटलं, "तेव्हा चुकलं."

त्या खाली बसल्या, वाकून आत पाहिलं. "किती खाली?"

"माझ्या कोपराखाली चार बोटं."

"मंग चांगलं हाय," म्हणाल्या आणि टॉर्च माझ्या तोंडातून काढून स्वतः धरली.

दुपारपर्यंत झालं. दादानं पाय एवढे बाहेर काढलेले होते, म्हणूनच आत जायला जागा होती. आडवी फळी आता बसत नाही, ती तळाकडून कापावी लागेल. त्यासाठी मशीन नको, करवत पुरे. पातळी पाहिली. सांध्यावरून नख फिरवलं. कोपऱ्यापासून कडेपर्यंत, मग उलट.

अडकलं नाही.

संध्याकाळी कणीक मळली. पाट धुऊन बाल्कनीत उभा करून ठेवला होता. पहिली पोळी लाटली तेव्हा जोर तळव्यातून खाली गेला, खांद्याला कळलंही नाही. गोल झाली असं म्हणणार नाही. पण नकाशा नव्हता.

तेवढ्यात देवेशचा फोन आला. एजंट बुधवारी येतो म्हणाला. मी म्हटलं, ओटा मी माझ्या उंचीचा करून घेतलाय, दुसऱ्याला तो चालायचा नाही.

"म्हणजे? कालपर्यंत तर..." मग म्हणाला, "मग आता, ताई?"

मी म्हटलं, "आता काही नाही. पोळी तव्यावर आहे. ठेवते."